युकुलेलीचा पेडल बोर्ड : जुळवणी कशी करावी?

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी दिसणारी रंगीबेरंगी पेडलांची रांग आता युकुलेलीवादकांच्या पायाशीही दिसू लागली आहे. चार तारांचे हे छोटेखानी वाद्य पिकअप बसवून ध्वनिवर्धकाला जोडले, की त्याच्या आवाजाला घुमारा देता येतो, प्रतिध्वनी देता येतो, खर्ज देता येतो, क्वचित त्याला गुरगुरायलाही लावता येते. मात्र बाजारात मिळणारी जवळजवळ सर्व पेडले गिटार डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली असतात. गिटारच्या तारा पोलादी, पिकअप चुंबकीय आणि स्वरांची आस लांब. युकुलेलीच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी उलट आहेत. त्यामुळे एखाद्या गिटारवादकाचा बोर्ड पाहून जसाच्या तसा उभारला, तर पैसे खर्च होतात आणि आवाज मात्र पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा येतो. अशा वेळी दोष पेडलांना दिला जातो. वास्तविक बिघाड बहुधा पहिल्या पेडलच्या आधीच झालेला असतो.

वाद्य आणि त्याचा पिकअप

युकुलेलीचा इतिहास १८७९ पासून सांगितला जातो. त्या वर्षी ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचे जहाज मदेरा बेटावरील पोर्तुगीज स्थलांतरितांना घेऊन होनोलुलूच्या बंदरात आले. त्यातील मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो या सुतारकाम जाणणाऱ्या तिघांनी हवाईत वाद्ये घडवायला सुरुवात केली. ‘मचेते’ या त्यांच्या मायदेशातील छोट्या वाद्यापासून युकुलेलीचा जन्म झाला. योगायोग असा, की त्याच्या पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, पॅरिसमध्ये जॅक आणि पिएर क्युरी या बंधूंनी दाबविद्युत परिणाम शोधून काढला. काही स्फटिकांवर दाब पडला, की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार निर्माण होतो, हा तो परिणाम. आज युकुलेलीत बसवला जाणारा पिएझो पिकअप याच तत्त्वावर चालतो.

चुंबकीय पिकअपला पोलादी तार लागते, नायलॉन किंवा फ्लोरोकार्बनची तार त्याला जाणवतच नाही. म्हणून युकुलेलीत घोडीवरच्या पट्टीखाली पिएझोची बारीक पट्टी बसवतात किंवा वाद्याच्या पोटात वरच्या फळीला पिएझोची चकती चिकटवतात. तारेच्या कंपनाचा दाब पट्टीवर पडतो आणि त्याचे विद्युतसंकेतात रूपांतर होते. पोलादी तारांच्या इलेक्ट्रिक युकुलेलीही मिळतात आणि त्यांना गिटारचे सारे नियम लागू पडतात. त्यांचा विचार येथे केलेला नाही.

नेहमीच्या जुळवणीत युकुलेलीच्या तारा सा-मध्यम असल्या भाषेत नव्हे, तर पाश्चात्त्य संज्ञांनुसार जी, सी, ई, ए अशा लावतात. त्यातील जी ही तार वरच्या सप्तकातली असते. सर्वांत खालचा स्वर म्हणजे मधला सी, त्याची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे २६२. खुली ए तार ४४० हर्ट्झची. गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर बोलते, हे लक्षात घेतले, की युकुलेलीचे क्षेत्र किती वरचे आणि किती अरुंद आहे, याची कल्पना येते. काही वादक जी तार एक सप्तक खाली, १९६ हर्ट्झवर लावतात. बॅरिटोन युकुलेलीची सर्वांत खालची तार सुमारे १४७ हर्ट्झची असते. पेडल निवडताना हे आकडे वारंवार उपयोगी पडतात.

खरा अडथळा : संरोध

पिएझो पिकअप विद्युतदृष्ट्या एखाद्या छोट्या संधारित्रासारखा वागतो. तो ज्या उपकरणाला जोडला जातो, त्याच्या प्रवेशद्वाराशी असलेला संरोध, म्हणजे तंत्रज्ञ ज्याला इनपुट इम्पिडन्स म्हणतात तो, पुरेसा मोठा नसेल तर खालचे स्वर गळून जातात. उदाहरणादाखल पिकअपची धारिता ५०० पिकोफॅरड धरू. तो १ मेगाओहम संरोधाच्या पेडलला जोडला, तर सुमारे ३१८ हर्ट्झच्या खालचा आवाज उतरणीला लागतो. म्हणजे मधला सी त्या उतरणीत सापडतो आणि वाद्याच्या पोटातून येणारी ऊब तर बरीच नाहीशी होते. तोच पिकअप १० मेगाओहमच्या प्रीअॅम्पला जोडला, की उतरण ३२ हर्ट्झपर्यंत खाली सरकते. युकुलेलीचा एकही स्वर तिथे पोहोचत नाही. उलट, तोच पिकअप थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावला तर काय होते? तिथला संरोध काही दशसहस्र ओहमच असतो. मग उतरण हजारो हर्ट्झवर जाते आणि उरतो तो नुसता किरटा खणखणाट. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत युकुलेलीचा जो कर्कश आवाज ऐकू येतो, त्यामागे अनेकदा हीच जोडणी असते.

लांब केबलचा परिणामही येथे वेगळा आहे. चुंबकीय पिकअपला लांब केबल जोडली, की तीव्र स्वरांची झळाळी कमी होते. पिएझोच्या बाबतीत केबलची धारिता पिकअपच्या धारितेशी वाटणी मागते आणि सबंध आवाजाचीच पातळी खाली येते. सर्वसाधारण केबलची धारिता दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास असते. सहा मीटर केबल वापरली, तर वरच्या उदाहरणातील पिकअपचा आवाज निम्म्याहून कमी उरतो. मग पुढे आवाज वाढवावा लागतो आणि त्याबरोबर खरखरही वाढते.

या साऱ्यावरून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. पिकअप निष्क्रिय असेल, म्हणजे वाद्यात बॅटरी नसेल, तर बोर्डावरील पहिले उपकरण चांगला प्रीअॅम्प हेच असावे आणि वाद्यापासून तिथपर्यंतची केबल शक्य तितकी आखूड असावी. प्रीअॅम्प घेताना त्याच्या माहितीपत्रकात इनपुट इम्पिडन्सचा आकडा पाहावा. एल. आर. बॅग्ज या अमेरिकी कंपनीचा पॅरा अकूस्टिक डीआय हा जुना आणि अनेकांच्या परिचयाचा प्रीअॅम्प १० मेगाओहमचा आहे. तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा मिक्सरकडून येणाऱ्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालतो. गिटारची बहुतेक पेडले मात्र १ मेगाओहमच्या आसपासची असतात.

वाद्याच्या अंगावर आवाजाच्या कळा आणि बॅटरीचा कप्पा असेल, तर प्रीअॅम्प आतच आहे असे समजावे. अशा सक्रिय वाद्यातून निघणारा संकेत पुरेसा दमदार असतो आणि तो कोणत्याही पेडलला थेट देता येतो. तिथे बाहेरचा दुसरा प्रीअॅम्प घेण्याची घाई करू नये. हा एक भेद ठाऊक नसल्यामुळे काही जण नको तिथे पैसे घालतात आणि हवे तिथे हात आखडता घेतात.

क्रम कोणता?

प्रीअॅम्पनंतर ट्यूनर, त्यानंतर कॉम्प्रेसर, मग ऑक्टेव्ह, मग ओव्हरड्राइव्ह, त्यापुढे कोरससारखी आवाज हेलकावणारी पेडले, नंतर डिले, रिव्हर्ब आणि शेवटी लूपर, हा सर्वसाधारण क्रम गिटारप्रमाणेच येथेही चालतो. त्यामागचे तर्कशास्त्र समजून घेतले, की तो पाठ करावा लागत नाही. प्रतिध्वनी आधी घेऊन तो फाडला, तर सारा राडा होतो. आधी फाडलेल्या आवाजाला प्रतिध्वनी दिला, तर तो स्वच्छ राहतो. खोलीचा घुमारा निसर्गातही सर्वांत शेवटीच येतो.

ट्यूनर ही चैनीची वस्तू नव्हे. नायलॉनच्या तारा हवेतील उष्णतेने आणि आर्द्रतेने सतत सरकत असतात. पेडलचा ट्यूनर दाबला, की आवाज बंद होतो आणि श्रोत्यांना न ऐकवता तारा जुळवता येतात. वाद्य बदलताना केबल काढण्याचा धडाम् असा आवाजही त्यामुळे टळतो.

कॉम्प्रेसरचा मोह युकुलेलीवादकाला फार होतो, कारण या वाद्याची आस मुळातच तोकडी. तारा हलक्या, पोट लहान, त्यामुळे स्वर उमटतो आणि लगेच विझतो. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो आणि विझत चाललेला आवाज वर उचलतो. पण तो त्याबरोबर खोलीतला गोंगाट, बोटांची घासाघीस आणि शिट्टी मारू पाहणारा ध्वनिवर्धकही वर उचलतो. म्हणून त्याचा उपयोग बेताने करावा. दाबाचे प्रमाण तीनास एकच्या आसपास आणि सुरुवातीचा आघात निसटून जाईल इतका विलंब ठेवला, तर पुष्कळ झाले. छेडण्याचा टणत्कार हा या वाद्याचा प्राण आहे आणि तो चिरडला गेला, तर उरणारे वाद्य कोणतेही असू शकते.

समतोल साधणाऱ्या इक्वलायझरकडे मात्र दुर्लक्ष होते. पिएझोचा आवाज दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात टोकदार, किंचित नाकातला येतो. तो पट्टा थोडा खाली घेतला, की लाकूड ऐकू येऊ लागते. याउलट नेहमीच्या जुळवणीत २६२ हर्ट्झच्या खाली एकही स्वर नसल्यामुळे १०० हर्ट्झच्या खालचा भाग निःशंकपणे कापता येतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने तिची गुणगुण प्रामुख्याने ५० आणि १०० हर्ट्झवर व त्यांच्या पटींत येते. त्यातील तळाचा हिस्सा या कापणीत आपोआप जातो. गिटारवादकाला ही सवलत नाही.

शिट्टीचा उपाय

ध्वनिवर्धकाचा आवाज वाढवला, की वाद्याचे पोकळ पोट त्या आवाजाने स्वतःच थरथरू लागते, ती थरथर पिकअप पुन्हा ध्वनिवर्धकाकडे पाठवतो आणि घूं असा आवाज चढत जातो. यालाच फीडबॅक म्हणतात. त्यावर पहिला उपाय फुकटचा आहे. ध्वनिवर्धकाच्या तोंडासमोर उभे राहू नये. त्यानंतर प्रीअॅम्पवरील फेज बदलण्याची कळ दाबून पाहावी, आणि तेवढ्याने भागले नाही, तर नॉच फिल्टरने घुमणारा तो एकच स्वर कापावा. वाद्याच्या तोंडाला रबरी झाकण लावण्याची युक्तीही कामास येते. फार मोठ्या आवाजात वाजवणाऱ्यांनी भरीव अंगाच्या नायलॉनतारी युकुलेलीचा विचार करावा. जर्मनीची रिसा आणि कॅनडाची गोडँ या कंपन्यांनी अशा धर्तीची वाद्ये काढली आहेत. त्यांचा स्वतःचा आवाज बैठकीत ऐकू येण्याजोगा नसतो, पण मंचावर ती शहाण्यासारखी वागतात.

आवाज फाडावा का?

युकुलेलीला ओव्हरड्राइव्ह लावणे हे अनेकांना अघोरी वाटते. होनोलुलूत १९७६ मध्ये जन्मलेले जेक शिमाबुकुरो यांनी हा समज बराच दूर केला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये बसून त्यांनी वाजवलेल्या जॉर्ज हॅरिसन यांच्या एका गाण्याची चित्रफीत २००६ मध्ये इंटरनेटवर पसरली आणि युकुलेलीकडे पाहण्याची जगाची नजर बदलली. त्या चित्रफितीत एकही पेडल नाही, हे आवर्जून सांगायला हवे. पुढे साथीदारांसह मंचावर वाजवताना मात्र त्यांनी फाटलेला आवाज आणि प्रतिध्वनी यांचा मुक्त वापर केला. कामाका या होनोलुलूतील जुन्या घराण्याने घडवलेल्या त्यांच्या साध्या लाकडी युकुलेलीतून असा आवाज निघतो, हे ऐकणाऱ्याला पटत नाही.

पिएझोचा टोकदार आवाज थेट ओव्हरड्राइव्हमध्ये सोडला, तर तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घोंगावतो. म्हणून आधी तीव्र स्वर उतरवावेत, गेन कमी ठेवावा आणि पुढे गिटारचा स्पीकर किंवा त्याची नक्कल करणारे पेडल असावे. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पलीकडचे फारसे बोलत नाही, आणि तेच येथे उपकारक ठरते. दुसरी बाब स्वरमेळाची. फाटलेल्या आवाजात चारही तारांचा मेळ छेडला, तर स्वर एकमेकांत गुंतून गढूळ होतात. पंचमाची जोडी मात्र स्वच्छ वाजते. युकुलेलीची मजा अशी, की चौथी जी आणि तिसरी सी या शेजारच्या तारांत मुळातच सा-पंचमाचे नाते आहे. कोणत्याही पडद्यावर एकच बोट दोन्ही तारांवर आडवे ठेवले, की गिटारवादक ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात तो तयार मिळतो. गिटारवर त्यासाठी निदान दोन बोटे लागतात.

बाकीची पेडले

डिले हे या वाद्याला सर्वांत मानवणारे पेडल. तोकडी आस ही उणीव येथे गुण ठरते, कारण मूळ स्वर विझून गेल्यावर येणारा प्रतिध्वनी मोकळ्या जागेत पडतो. मिनिटाला १२० मात्रांची लय असेल, तर ५०० मिलिसेकंदांचा विलंब एका मात्रेवर बसतो आणि ३७५ मिलिसेकंदांचा पाऊण मात्रेवर. दुसऱ्या विलंबात साधे तुकडेही गुंफल्यासारखे ऐकू येतात. रिव्हर्ब थोडाच द्यावा, सभागृहाचा स्वतःचा घुमारा त्यात मिळतोच. कोरसने चार तारांची युकुलेली आठ तारांच्या टॅरोपॅचसारखी भासते. वाह पेडलही चांगले चालते, कारण त्याचा पट्टा या वाद्याच्या स्वरक्षेत्राशी बऱ्यापैकी जुळतो.

ऑक्टेव्ह आणि लूपर यांची जोडी एकट्या वादकाला फार उपयोगी पडते. युकुलेलीला खर्ज नाही. ऑक्टेव्हने सी तारेचा स्वर दोन सप्तके खाली नेला, की तो ६५ हर्ट्झवर, बास गिटारच्या क्षेत्रात येतो. तो तुकडा लूपरमध्ये नोंदवून ऑक्टेव्ह बंद करावा आणि त्यावर मेळ व चाल वाजवावी. जुन्या पद्धतीची ऑक्टेव्ह पेडले एका वेळी एकच स्वर ओळखतात, दोन तारा एकदम छेडल्या की ती भांबावतात. लूपर ऑक्टेव्हच्या नंतर हवा, हे ओघाने आलेच.

वीज आणि सुरक्षितता

बहुतेक पेडलांना ९ व्होल्टचा एकदिश प्रवाह लागतो आणि पिनेच्या मध्यभागी ऋण टोक असते. पण काहींना १२ किंवा १८ व्होल्ट लागतात, काहींची टोके उलटी असतात. उलट्या टोकाचा अॅडॉप्टर लावल्यास पेडल जळू शकते, म्हणून प्रत्येक पेडलवरील खूण वाचल्याशिवाय पिन लावू नये. साधे ओव्हरड्राइव्ह काही मिलिअँपिअरवर भागवते, डिजिटल डिले किंवा लूपर मात्र शंभर, कधी कधी तीनशेपर्यंत मागतात. सर्वांची बेरीज करून त्यावर चतुर्थांश वाढीव क्षमतेचा पुरवठा घ्यावा. एकाच अॅडॉप्टरमधून साखळीने सर्व पेडले चालवली, तर डिजिटल पेडलांची किरकिर इतरांत उतरते. प्रत्येक पेडलला स्वतंत्र, विलग वाट देणारा वीजपुरवठा महाग असला, तरी एखादे हौसेचे पेडल वगळून तो घ्यावा.

याहून महत्त्वाची बाब अर्थिंगची. गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा जुना इलाज काही ठिकाणी अजून केला जातो. तो जिवाशी खेळ आहे. वादकाचे हात वाद्याच्या आणि जॅकच्या धातूला लागलेले असतात आणि ओठ मायक्रोफोनपाशी. दोन उपकरणांच्या अर्थिंगमध्ये फरक असला, तर प्रवाह शरीरातून जातो. गणेशोत्सवाच्या मांडवात, जनरेटरवर किंवा तात्पुरत्या वायरिंगवर कार्यक्रम असेल, तेव्हा अर्थिंग तपासून घेण्याचा आग्रह धरावा आणि वीजगळती ओळखणारा ब्रेकर बसवलेला आहे ना, हे विचारावे. गुणगुण घालवायची असेल, तर डीआय बॉक्सवरील ग्राउंड लिफ्टची कळ वापरावी. ती केवळ संकेताच्या केबलचे अर्थिंग तोडते, विजेच्या पिनेला हात लावत नाही.

डीआय बॉक्स नसेल, तर बोर्ड अपुरा समजावा. तो संकेताला समतोल स्वरूप देतो आणि मग मंचापासून मिक्सरपर्यंतची तीस मीटरची केबलही त्रास देत नाही.

फळी, पट्टा आणि केबल

बोर्डासाठी परदेशी अॅल्युमिनियमची चौकटच हवी असे नाही. प्लायवुडची अठरा इंच लांब आणि आठ-नऊ इंच रुंद फळी, मागे उंची देणारी पट्टी आणि वर वेल्क्रो, एवढ्यावर चार-पाच पेडले नीट बसतात. चिकटवण्याआधी ती नुसती मांडून, नेहमीची पादत्राणे घालून दाबून पाहावीत, कारण दोन कळा एकदम दाबल्या जाण्याचा प्रकार येथेच उघड होतो. सतत लागणारी पेडले पुढे आणि उजवीकडे, क्वचित लागणारी मागे. प्रत्येक पेडल चालू-बंद करून आवाजाची पातळी सारखी राहते ना, हे पाहिल्यावरच ती पक्की करावीत.

एक गोष्ट केवळ युकुलेलीवादकालाच जाणवते. गिटार पट्ट्याने गळ्यात असते, युकुलेली मात्र बहुतेक जण छातीशी कवटाळून वाजवतात. एक पाय उचलून पेडल दाबताना तोल सांभाळण्यासाठी हाताची पकड सुटते आणि वाद्य घसरते. म्हणून पेडल बोर्ड घेण्याआधी वाद्याला पट्टा लावून घ्यावा. केबलचा भार या हलक्या वाद्याला खाली ओढतो. काटकोनी जॅक वापरून केबल पट्ट्याच्या आतून एक वळसा देऊन सोडली, तर तो भार पट्ट्यावर येतो आणि चुकून केबलवर पाय पडला, तरी जॅक उपटला जात नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात जॅकवर गंज चढतो व आवाज तुटक येऊ लागतो. बोर्डाच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा जॅक कोरड्या फडक्याने पुसून काढ-घाल करावेत. सक्रिय युकुलेलीतील प्रीअॅम्प बहुधा जॅक घालताच सुरू होतो, म्हणून वादन संपल्यावर केबल काढून ठेवावी. अन्यथा पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी बॅटरी उतरलेली असते. पेटीत ९ व्होल्टची एक नवी बॅटरी आणि एक जादा पॅच केबल कायम असावी.